मोठा प्रकल्प टप्प्याटप्प्याने कसा द्यावा: कॉलेजात नव्याने शिकवणाऱ्यांसाठी

‘लासलगावच्या कांदा बाजारावर दहा पानं लिहून आणा’ एवढं सांगून मोकळं झालं, की शेवटच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानातून गेल्या वर्षीचेच प्रकल्प नवं कव्हर लावून येतात. यात आळसाचा भाग थोडा. प्रश्न कसा घडवायचा, आकडे कसे वाचायचे, हे कुणी सुटं करून शिकवलेलं नसतं. त्यासाठी परांची, म्हणजे काम जमेपर्यंतचा तात्पुरता आधार, बांधावी लागते. शिक्षणात यासाठी ‘स्कॅफोल्डिंग’ हा शब्द वूड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखापासून रुळला.

प्रकल्प देण्याआधी स्वतः करून बघा. जिथे आपला हात थांबतो तिथे एक टप्पा. ३० गुणांचं काम दहा आठवड्यांत असं बसतं: दुसऱ्या आठवड्यात एका वाक्याचा प्रश्न, ३ गुण; चौथ्यात १५ दिवसांच्या भावांचा तक्ता, ५; सहाव्यात तक्त्यावर एक परिच्छेद, ५; आठव्यात कच्चा मसुदा, ७; दहाव्यात पक्का, १०. याहून जास्त टप्पे केलेत तर तपासणीतच बुडाल.

‘कांद्याचे भाव’ हा प्रश्न नव्हे. ‘नोव्हेंबरात नवा लाल कांदा येऊ लागला की कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याचा भाव उतरतो का?’ हा प्रश्न.

खरी गडबड तक्त्यात होते. मुलं लाल आणि उन्हाळ कांदा एकाच रकान्यात भरतात, मग भाव एका दिवसात कोसळल्यासारखा दिसतो. कुणी फक्त कमाल भाव उतरवतं, कारण बातमीत तोच ठळक असतो. कुणी किमान-कमालची बेरीज करून दोनाने भागतं. बहुतेक माल कोणत्या भावाने गेला ते त्यातून कळत नाही. म्हणून पहिल्या वेळी रकाने तुम्हीच आखून द्या: तारीख, कांद्याचा प्रकार, आवक क्विंटलमध्ये, किमान, कमाल आणि बाजार समितीच्या यादीतला ‘सरासरी’ भाव, म्हणजे बहुतेक माल ज्या भावाने गेला तो. ही चूक चौथ्या आठवड्यात सापडली तर अर्ध्या तासाचं काम. दहाव्यात सापडली तर सगळा प्रकल्प वाया.

वर्गात ८० मुलं असतील तर प्रत्येक वहीवर पानभर शेरे शक्य नाहीत, गरजही नाही. सगळ्या वह्या चाळा, वारंवार दिसणाऱ्या तीन चुका फळ्यावर मांडा आणि दुरुस्ती वर्गातच करून घ्या. पुढच्या टप्प्याआधी वही परत गेली नाही, तर टप्पे करण्यात काही अर्थ उरत नाही.

दिंडोरी-निफाडकडची बरीच मुलं ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटणीला घरी थांबतात. त्या पंधरवड्यात नवा टप्पा ठेवू नका.

आणि परांची उतरवायची असते, हे हमखास विसरलं जातं. दुसऱ्या सत्रात रकाने मुलांनाच ठरवू द्या, तुम्ही फक्त तारखा द्या. पहिल्या दिवशी ‘सर, फॉरमॅट?’ अशी ओरड होईल. तेव्हा जुना तक्ता काढून देऊ नका, ‘तुमच्या प्रश्नाला काय काय मोजावं लागेल?’ एवढंच विचारा.