ग्रीन टी कडू का होतो? पाणी, पत्ती आणि वेळेचं गणित

बहुतेक घरांत ग्रीन टीची गत एकच असते. डबा येतो, चार दिवस नाक मुरडून प्यायला जातो आणि मग फडताळात मागे सरकतो. दोष पत्तीचा क्वचितच असतो. आपण तो आपल्या नेहमीच्या चहासारखा करतो, तिथेच बिघडतं. दूध, साखर, आलं घालून खळखळ उकळल्याशिवाय आपल्या चहाला चव चढत नाही. ग्रीन टी उकळला की संपला.

आधी एक घोळ मिटवू. आठवडी बाजारात ‘हिरवा चहा’ मागितला तर गवती चहाची जुडी हातात पडते. ते गवत वेगळं, त्यात कॅफिन नसतं, आणि ते उकळलं तरी चालतं. ग्रीन टी मात्र आपल्या चहापत्तीच्याच झाडाचा. पानं खुडल्यावर काळी पडू दिली की साधा चहा होतो. लगेच वाफेवर धरली (जपानी पद्धत) किंवा कढईत परतली (चिनी पद्धत) की पान हिरवं राहतं. भारतात दार्जिलिंग, आसाम, निलगिरी आणि हिमाचलातल्या कांगड्याचा ग्रीन टी मिळतो.

त्या पानात दोन प्रकारची चव असते. थिअनिन नावाचं द्रव्य गोडसर, मऊ चव देतं आणि कोमट-गरम पाण्यातही सहज उतरतं. कॅटेचिन आणि कॅफिन हे तुरट-कडू गडी. पाणी जितकं गरम, तितके ते भराभर सुटतात. म्हणून पाणी हवं ७५ ते ८० अंशांचं.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. छत्रपती संभाजीनगरसारख्या साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर उंचीच्या गावात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. उकळत्या पाण्याचे तीन भाग आणि माठातल्या पाण्याचा एक भाग एकत्र केला की ८० अंशांच्या आसपास येतं. एका कपाला १५० मिली उकळतं, ५० मिली माठातलं, एवढं सोपं. माठातलं पाणी न उकळता जाणार आहे, म्हणून ते गाळलेलं, पिण्यालायकच हवं. दोन्ही पाणी आधी एकत्र करा, मग पत्तीवर ओता. उकळती धार थेट पानावर पडली तर पान भाजतं आणि पुढे काही केलं तरी तुरटपणा जात नाही.

२०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती. गोळीसारखी वळलेली असेल तर चहाचा एक सपाट चमचा, सुटी मोठी पानं असतील तर दीड-दोन चमचे. झाकण ठेवून दोन मिनिटं, फार तर तीन. मग गाळा, आणि पूर्ण गाळा. कपात पत्ती तशीच ठेवून घोट घोट प्यायलं की शेवटचा घोट काढ्यासारखा लागतो. टी-बॅगमध्ये बारीक चुरा असतो, तो लवकर उतरतो; तिला दीड-दोन मिनिटं पुरे. बाहेर काढताना चमच्यावर दाबून पिळायची सवय सोडा, पिळल्यावर येतो तो कडूपणाच.

सुटी पत्ती घेतली असेल तर टाकून देऊ नका. पान आता उमललेलं असतं, म्हणून दुसऱ्या वेळी एक मिनिट पुरतं, तिसऱ्या वेळी पाणी थोडं जास्त गरम घेऊन दोन-तीन मिनिटं. हे सगळं तासाभरात उरका. ओली पत्ती रात्रभर ठेवून सकाळी वापरू नये.

आता पाण्याकडे येऊ, कारण मराठवाड्यात अर्धी लढाई इथेच हरली जाते. काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच गावांत जड असतं. भगुन्याच्या तळाशी पांढरा थर बसत असेल, डाळ शिजायला वेळ लागत असेल, तर तेच पाणी ग्रीन टी मातकट आणि तपकिरी करतं, वर तेलकट दिसणारी साय धरते. ती साय म्हणजे पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं यांची गाठ. पिण्याच्या पाण्यात हा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं भारतीय मानक सांगतं, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. ६०० च्या पाण्यात कितीही महाग पत्ती घाला, वाया जाईल. नुसता जडपणा असेल तर पाणी आदल्या रात्री पाच मिनिटं उकळून ठेवा, सकाळी वरचं निवळ घ्या. काही चुना तळाशी बसतो. थोडं लिंबू पिळलं तरी साय फिटते आणि रंग उजळतो. आरओ असेल तर प्रश्नच नाही, फक्त टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) अगदी वीस-तीसवर आणलेलं पाणी सपक चहा करतं. ५० ते १५० ला चव खुलते. टँकरच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते उघड्या भांड्यात काही तास ठेवा.

जास्त झालं तर दात-हाडं बिघडवणाऱ्या फ्लोराइडचं मात्र वेगळं आहे. नांदेडच्या किनवट भागासह मराठवाड्यातल्या काही बोअरवेलच्या पाण्यात ते जास्त आढळतं, आणि चहाचं झाडही जमिनीतून फ्लोराइड ओढून पानात साठवतं. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. अशा गावात आरओचंच पाणी वापरा आणि दिवसाला एक-दोन कपांवर थांबा.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनीमातीचं घ्या. लोखंडी भांड्यात चहा शाईसारखा काळा पडतो.

उन्हाळ्यात पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा गरम कप कोणाला हवा? तेव्हा थंड पाण्यातच भिजवा. एक लिटर गाळलेल्या पाण्यात ८ ते १० ग्रॅम पत्ती, झाकण लावून फ्रिजमध्ये सहा ते आठ तास, सकाळी गाळून घ्या. गार पाण्यात कॅटेचिन आणि कॅफिन कमी उतरतात, म्हणून हा चहा जवळपास गोड लागतो. ज्यांना ग्रीन टी आवडतच नाही, त्यांनी सुरुवात इथून करावी. दिवसभरात संपवा. फ्रिजबाहेर माठाशेजारी रात्रभर ठेवायचा प्रयोग नको, त्या उकाड्यात तो आंबतो.

फायद्यांबद्दल जाहिराती बोलतात तेवढं काही नाही, पण काहीच नाही असंही नाही. जपानच्या मियागी प्रांतात चाळीस हजारांवर प्रौढांचा अनेक वर्षं मागोवा घेऊन २००६ मध्ये निष्कर्ष आले: रोज पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू कमी दिसले, कर्करोगाच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. तिथला कप लहान, आणि असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. वजनाचं म्हणाल तर वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात ग्रीन टीने होणारी घट नगण्य निघाली. पोट कमी करायला म्हणून पिणाऱ्याच्या पदरी निराशाच.

आपल्याकडचा खरा फायदा साखरेचा आहे. दिवसाचे तीन चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे चोवीसएक ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेला दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून शक्यतो २५ ग्रॅमच्या आत साखर हवी आहे. त्यातले दोन चहा बिनसाखरेच्या ग्रीन टीने बदलले तर मोठा भार उतरला. त्यात दोन चमचे मध किंवा गूळ घातला की हिशोब पुन्हा तिथेच येतो.

कधी प्यावा? उपाशीपोटी नको, मळमळ आणि आम्लपित्त होतं. जेवणाबरोबरही नको. ज्वारीची भाकरी, मेथी, हरभरा, शेंगदाणे यांतलं लोह तसंही अंगी कमी लागतं, आणि चहातली तुरट द्रव्यं त्याला आणखी अडवतात. जेवणानंतर तासभर थांबा. रक्त कमी असणाऱ्या बायकांनी हे कटाक्षाने पाळावं, लोहाची गोळी आणि चहा यांत किमान दोन तास जाऊ द्यावेत. सकाळी नाश्त्यानंतर दहा-अकराला एक आणि दुपारी चारला एक, ही वेळ बहुतेकांना मानवते. संध्याकाळी सातनंतर घेतला तर काहींची झोप उडते.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा रक्तदाबाची नॅडोलॉल चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा कप सुरू करू नका. गरोदरपणी चहा-कॉफी मिळून कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं असतं. आणि वजन घटवण्याच्या ‘ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट’ गोळ्यांपासून लांबच राहा. कपातला चहा वेगळा, अर्काच्या गोळ्या वेगळ्या. त्यातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) गेलं की यकृतावर ताण येऊ शकतो, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे.

विकत घेताना डब्यावर तारीख बघा. पान हिरवं किंवा राखाडी-हिरवं हवं, वास ओल्या गवताचा. तपकिरी पडलेलं, कागदासारखा वास येणारं पान जुनं. एका वेळी १०० ग्रॅमच आणा आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, गॅसपासून दूर ठेवा. चहाची पत्ती शेजारचा वास लगेच ओढून घेते, त्यामुळे काळा मसाला आणि येसराच्या डब्याच्या फळीवर तिला जागा देऊ नका.