टस्करोरा आणि इरोक्वॉय लोकांचा इतिहास आपल्या वाचनालयात कसा सांगायचा

वाचनालयात, कॉलेजात किंवा गणपतीतल्या व्याख्यानाला अमेरिकेतल्या मूळ लोकांवर बोलायचं ठरलं की बहुतेक वक्ते कोलंबसपासून सुरू करतात आणि दहा मिनिटांत गोरे आले, बंदुका घेऊन आले, मूळ लोक संपले असं सांगून मोकळे होतात. असं अजिबात करू नका. एक तर ते लोक संपलेले नाहीत, आणि दुसरं म्हणजे त्यांनी स्वतः काय ठरवलं, काय मागितलं, कुणाशी बोलणी केली हे सगळंच त्यात गायब होतं. त्यापेक्षा टस्करोरा हे तिथल्या मूळ लोकांचं एकच राष्ट्र धरा आणि त्यांच्या मागोमाग जा. दीड तासात छान बसतं.

आधी नकाशा. फ्लेक्सचा खर्च नको, मोठ्या कागदावर दोन झेरॉक्स पुरतात, एक नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागाचा आणि एक न्यूयॉर्क राज्याचा. त्यावर राज्यांच्या सीमा फिक्या ठेवा आणि नद्या निळ्या मार्करनं जाड करा, कारण कृष्णाकाठच्या माणसाला गाव नदीवरून सांगितलं की लगेच लक्षात राहतं. टस्करोरांची गावं रोनोक, टार आणि न्यूस ह्या नद्यांच्या खोऱ्यांत होती. तिथून शेकडो किलोमीटर उत्तरेला, आजच्या न्यूयॉर्कमध्ये, इरोक्वॉय संघाची पाच राष्ट्रं. भाषेचं कूळ दोघांचं एकच.

ही पाच नावं फळ्यावर लिहून पाठ होत नाहीत, म्हणून पाच जणांना पुढं बोलवा आणि पूर्व-पश्चिम ओळीत बसवा: मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका. इरोक्वॉय स्वतःला होडेनोशोनी म्हणवतात, लांबच्या लांब घरात एकत्र राहणारे लोक, आणि त्या घराचा पूर्वेचा दरवाजा मोहॉक सांभाळतात, पश्चिमेचा सेनेका, मधली धुनी ओनोंडागांकडं. इथं थोडा वेळ थांबा आणि बायकांचं सांगा, की कुळ आईकडून चालतं, प्रमुख कोण होणार हे कुळातली ज्येष्ठ बाई ठरवते, आणि तो नीट वागला नाही तर त्याला काढायचा अधिकारही तिच्याकडंच. ह्यावर प्रश्न येतातच, येऊ द्या, घाई करू नका.

आता कार्यक्रमाचा गाभा, ह्याला निम्मा वेळ द्या. 8 जून 1710 ला पेनसिल्व्हेनियातल्या कोनेस्टोगा गावी टस्करोरांचे दूत आले, सोबत आठ वॅम्पम पट्टे होते. वॅम्पम म्हणजे शिंपल्या-शंखांपासून केलेले पांढरे आणि जांभळे मणी, त्यांचे पट्टे विणून बोलण्यातला एकेक मुद्दा एकेका पट्ट्यासोबत मांडायचा ही पद्धत. तुम्ही कार्डशीटच्या आठ पट्ट्या कापा, त्यावर आपल्या भाषेत एकेक मागणी लिहा आणि श्रोत्यांतल्याच आठ जणांना उभं राहून वाचायला लावा. पहिली म्हाताऱ्या बायकांची: आम्हाला सरपण आणि पाणी आणायला निर्धास्त जाता यावं. दुसरी लेकरांची, जन्मलेल्या आणि पोटातल्याही: गुलाम होण्याच्या भीतीशिवाय खेळायला जागा मिळावी. तिसरी शिकारीला जाणाऱ्या तरुणांची, घरातल्या म्हाताऱ्यांसाठी अन्न आणायला गेलो तर मरणाची किंवा पकडलं जाण्याची भीती नसावी. चौथी प्रौढ पुरुषांची, रान आमच्या किल्ल्याइतकंच सुरक्षित असावं. मग सगळ्या राष्ट्राची, मग प्रमुखांची कायमच्या शांततेची, सातवी मारणं आणि धरून नेणं थांबवा अशी, आणि आठवी अशी की आम्ही ह्या मुलखात नवखे आहोत, आंधळ्यासारखे आलोय, आमचा हात धरा. पहिली पट्टी एखाद्या आजींना आणि दुसरी शाळकरी पोराला द्या. बाकी भाष्य करू नका.

मग उत्तर सांगा. पेनसिल्व्हेनियाच्या वसाहतीनं सांगितलं, आधी कॅरोलायनाच्या सरकारकडून चांगल्या वागणुकीचं सर्टिफिकेट आणा. ज्यांच्या हद्दीत पोरं पळवली जात होती त्यांच्याकडूनच! हे ऐकल्यावर सभागृहात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

आता पार्श्वभूमी भराभर सांगता येते: गुलामांचा धंदा, दारू पाजून कातड्यांच्या व्यापारात होणारी लुबाडणूक, आणि 1710 मध्येच न्यूस नदीवर ग्राफेनरीड नावाच्या स्विस माणसानं वसवलेलं न्यू बर्न. सप्टेंबर 1711 मध्ये जमिनीची मोजणी करणारा जॉन लॉसन आणि ग्राफेनरीड दोघं पकडले गेले, लॉसनला मारलं, ग्राफेनरीडला सोडलं, आणि 22 सप्टेंबरला टस्करोरा आणि त्यांच्या सोबत्यांनी वसाहतींवर हल्ला केला ज्यात शंभरावर माणसं मेली, बायका-मुलंसुद्धा. हे लपवू नका. सहानुभूती आहे म्हणून इतिहास साफ करून सांगितला की ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो. तसंच सगळे टस्करोरा लढले नाहीत हेही सांगा, दक्षिणेकडची गावं टस्करोरा प्रमुख हॅनकॉकसोबत गेली, उत्तरेकडच्या प्रमुख टॉम ब्लाउंटनं लांब राहायचं ठरवलं. आणि साउथ कॅरोलायनातून बार्नवेल आणि नंतर मूर ज्या फौजा घेऊन आले त्यांत बहुतेक सैनिक इतर मूळ जमातींचेच होते. मार्च 1713 मध्ये नेओहेरोका हा टस्करोरांचा किल्ला पडला, साधारण 950 माणसं मारली गेली किंवा पकडली गेली, आणि पकडलेल्यांतले कितीतरी गुलाम म्हणून विकले.

उरलेल्यांतले बरेच जण पुढच्या काळात उत्तरेला निघाले, ओनायडांनी बाजू मांडली आणि साधारण 1722 मध्ये ते संघाचं सहावं राष्ट्र झाले. आता त्या ओळीत सहाव्या माणसाला बसवा. पुढं अमेरिकन क्रांतीत हाच संघ फुटला, ओनायडा आणि टस्करोरांतले बहुतेक अमेरिकनांकडं, बाकीचे मुख्यतः ब्रिटिशांकडं, आणि 1779 मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमानं सुलिव्हनच्या फौजेनं इरोक्वॉयांची चाळीसच्या वर गावं जाळली. लढाया इतक्याच पुरे.

1794 चा कॅनंडेग्वा करार, म्हणजे अमेरिकन सरकार आणि ह्या सहा राष्ट्रांमधला, मात्र सोडू नका. सातारकरांना करार म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, 1819 ला कंपनीनं प्रतापसिंह महाराजांशी तह केला, 1839 ला त्यांना गादीवरून काढलं आणि 1848 ला राज्यच खालसा केलं. श्रोत्यांना कुठलाही करार दिला की तीन प्रश्न विचारायला लावा: लिहिला कुणी, कुठल्या भाषेत, आणि मोडला तर दाद कुठं मागायची. कॅनंडेग्वा करारानुसार अमेरिकन सरकार आजही दरवर्षी कापड पाठवतं आणि सहा राष्ट्रं ते मुद्दाम मागून घेतात, कारण कापड येतंय म्हणजे करार जिवंत आहे.

शेवटी धरण. 1804 मध्ये टस्करोरांनी कॅरोलायनातल्या जमिनीच्या पैशातून नायगाराजवळ 4,329 एकर विकत घेतली. 1950 च्या दशकात वीजप्रकल्पाच्या तलावासाठी त्यातली 1,383 एकर मागितली गेली, 1958 मध्ये मोजणीच्या गाड्यांपुढं लोक आडवे गेले, त्यात बायाही होत्या, आणि 1960 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की ही जमीन तुम्ही स्वतः विकत घेतलीय, तिची मालकी सरकारकडं नाही, म्हणून राखीव जमिनीचं कायदेशीर संरक्षण तिला लागू नाही. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक ह्यांनी विरोधी निकाल लिहिला. अखेर साधारण 550 एकर गेली. त्याच वर्षांत आपल्याकडं कोयनेचं काम चालू होतं. पाटण, जावळीकडची धरणग्रस्त मंडळी समोर असतील तर इथं माईक त्यांच्याकडं द्या आणि तुम्ही खाली बसा.

"आता ते लोक कुठं आहेत?" हा प्रश्न हमखास येतो. न्यूयॉर्कमध्ये लुइस्टनजवळ टस्करोरांची वस्ती आजही आहे, कॅनडात ग्रँड रिव्हरलाही आहेत. वेळ उरला तर डेस्काहेची गोष्ट सांगा, कायुगा प्रमुख, होडेनोशोनी पासपोर्टवर 1923 मध्ये जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडं दाद मागायला गेला, त्याला आत बोलूच दिलं नाही, आणि 1925 मध्ये टस्करोरा प्रमुख क्लिंटन रिकर्डच्या घरी वारला. प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला कशासाठी गेले होते हे ज्यांना माहीत आहे ते पुढचं आपणच विचारतील, म्हणून हॉलची वेळ अर्धा तास जास्तीची घेऊन ठेवा.