पेटंट सर्चमध्ये नवे आहात? कापणी यंत्रांपासून सुरुवात करा

मेकॅनिकल करून पेटंट सर्चच्या, म्हणजे जुनी पेटंटं शोधून तपासण्याच्या, कामाला लागलेल्या मुलांना मी आधी एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कापणी यंत्रं वाचायला देतो. डेटाबेस, सर्च स्ट्रिंग (शोधासाठी जुळवलेले शब्द) हे सगळं मागाहून येतंच. या यंत्रांत काही झाकलेलं नसतं. जमिनीवर फिरणारं चाक, त्यावरून गियर, पुढे क्रँक आणि क्रँकमुळे डावी-उजवीकडे सरकणारं पातं. ड्रॉइंगवर बोट ठेवून गती कुठून कुठे जाते ते शोधता येतं. शिवाय या पेटंटांवरून झालेल्या खटल्यांचे निकालही वाचायला मिळतात, म्हणजे आपण लावलेला अर्थ ताडून बघता येतो.

कापणी यंत्र काढणारे दोन अमेरिकन प्रतिस्पर्धी घ्या : ओबेड हसीचं पेटंट डिसेंबर १८३३ चं, सायरस मॅकॉर्मिकचं जून १८३४ चं. खरी गंमत पात्यापाशी आहे. मॅकॉर्मिकचं पातं सरळ, दातेरी धारेचं. हसीने पट्टीवर त्रिकोणी पाती रिव्हेट केली आणि खाच असलेल्या लोखंडी बोटांमधून ती पट्टी चालवली. बोट धाटाला आधार देतं, पातं कापतं. पण ओला काडीकचरा खाचेत साचला की पातं अडकणार. म्हणून १८४७ च्या पेटंटमध्ये हसीने ती खाच पात्याच्या मागच्या बाजूला उघडी ठेवली, कचरा आपोआप बाहेर पडावा म्हणून. एवढासा बदल, पण यंत्र शेतात दिवसभर चालणार की नाही ते यावर ठरायचं. मला हे पेटंट फार आवडतं. हंगामात गावात हार्वेस्टर आला तर पुढचा कटर बार वाकून बघा : तीच त्रिकोणी पाती, तशीच बोटं.

आता मुख्य मुद्दा. नवीन मुलं ड्रॉइंग बघतात आणि ‘हे सगळं याचंच’ असं धरून चालतात. क्लेम, म्हणजे पेटंटात हक्क कशावर ते सांगणारा भाग, आधी वाचा. संशोधकाने काय काढलंय यापेक्षा त्याने हक्क कशावर मागितलाय ते महत्त्वाचं. मॅकॉर्मिकचं मूळ पेटंट १४ वर्षांनी, १८४८ मध्ये संपलं आणि मुदतवाढ मिळाली नाही. हाती उरली ती १८४५ आणि १८४७ ची सुधारणांची पेटंटं. १८४७ च्या पेटंटात कापलेलं पीक ओढणाऱ्या माणसाच्या बैठकीची सोय होती. त्यावरून सेमूर या दुसऱ्या यंत्र बनवणाऱ्याविरुद्धच्या खटल्यात ज्यूरीने १७ हजार डॉलरहून जास्त भरपाई दिली. सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, कारण एका सुधारणेसाठी अख्ख्या यंत्राचा नफा मागता येत नाही. मॅनी या आणखी एका प्रतिस्पर्ध्याच्या यंत्राविरुद्धही मॅकॉर्मिक हरला. तिथे वाद होता उभं पीक आणि कापायचं पीक वेगळं करणाऱ्या डिव्हायडरचा. दोन्ही यंत्रांत डिव्हायडर होता, पण क्लेममध्ये लिहिलेली रचना मॅनीच्या यंत्रात नव्हती. हे दोन निकाल शब्दन् शब्द वाचा, क्लेम चार्ट, म्हणजे क्लेममधला एकेक भाग समोरच्या यंत्राशी जुळवणारा तक्ता, कसा करायचा ते त्यातूनच कळतं.

शोधताना एक लक्षात ठेवा. डिसेंबर १८३६ मध्ये अमेरिकेचं पेटंट ऑफिस आगीत जळालं. त्याआधीच्या पेटंटांना मागाहून एक्स लावून नंबर दिले, आणि बरीच कागदपत्रं गेली ती गेलीच. जुन्या स्कॅनमधली अक्षरं मशीनला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे शब्दांनी शोधू नका. नंबर किंवा क्लासिफिकेशन (पेटंटांच्या विषयवार वर्गांचे कोड) धरून जा : कापणी यंत्रांसाठी ए०१डी, सर्वसाधारण कापण्याच्या यंत्रांसाठी बी२६डी.

पुढे भारतात पेटंट एजंट, म्हणजे इतरांसाठी पेटंटचे अर्ज करणारा नोंदणीकृत माणूस, व्हायचं असेल तर विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, नुसता डिप्लोमा चालत नाही. त्याच्या परीक्षेत ड्राफ्टिंगचा, म्हणजे पेटंटचा मजकूर लिहिण्याचा, पेपर असतो आणि भल्याभल्यांची दांडी तिथेच उडते. त्याच्या तयारीसाठी हसीचं उघड्या खाचेचं बोट घ्या, मूळ क्लेम झाकून ठेवा आणि स्वतः एक क्लेम लिहा. मग तो हसीच्या क्लेमशेजारी ठेवून एकेक शब्द तपासा : हा काढला तर हक्क किती वाढतो, आणि तेवढा हक्क आधीच्या यंत्रांपुढे टिकतो का.