कारवारच्या किनाऱ्यावर महोत्सव भरवण्यापूर्वी

बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडची भजनी मंडळे, लेझीम पथके आणि हौशी नाट्यसंघ एकत्र करून कारवारच्या किनाऱ्यावर लोकवर्गणीतून दोन दिवसांचा कला महोत्सव आम्ही एकदा भरवला आणि पहिल्याच रात्री तो आमच्या चुकीने उधळला गेला. आता पुन्हा जायचे ठरत आहे, म्हणून ही यादी लिहीत आहे. वर्गणी, पावतीपुस्तके, निमंत्रणे आणि जेवण यांबद्दल लिहीत नाही, कारण ही कामे गणेशोत्सवात आणि गावच्या यात्रेत आपण सर्वांनी केलेली आहेत.

सर्वांत आधी भरती-ओहोटी पाहावी आणि मगच तारीख ठरवावी. चांदण्यात कार्यक्रम व्हावा म्हणून आम्ही पौर्णिमा धरली होती. दुपारी चारच्या सुमारास ओहोटी लागलेली होती, पुळण लांबवर उघडी पडली होती आणि एवढा रुंद किनारा पाहून आम्ही रंगमंच मुद्दाम पाण्याच्या बाजूला बांधला. रात्री नऊच्या सुमारास पहिली लाट सतरंज्यांखाली शिरली. जनरेटर वेळेवर बंद करता आला म्हणून माणसे वाचली. मात्र खानापूर तालुक्यातील एका भजनी मंडळाची जुनी पेटी खाऱ्या पाण्यात भिजली, तिचा भाता फाटला, सूर गंजले आणि दुरुस्तीनंतरही ती पूर्वीसारखी वाजली नाही. त्या मंडळाच्या बुवांनी आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही, याचेच अधिक वाईट वाटते.

घाटावरच्या माणसाला हे ठाऊक नसते, म्हणून सविस्तर सांगतो. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाणाची भरती येते आणि तिचा जोर पुढे एक-दोन दिवस टिकतो. किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ पाऊणकीने काढतात: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की साधारण वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते आणि कारवारला भरती त्याहून थोडी आधीच येते, म्हणजे नेमकी आपला कार्यक्रम रंगात असताना. त्याऐवजी शुद्ध अष्टमी किंवा नवमी धरावी. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फारसे वर चढत नाही, ते संध्याकाळी सहाच्या आसपास येऊन नंतर मागे हटू लागते आणि मध्यरात्रीपर्यंत अर्धे चांदणेही मिळते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे दुसऱ्या दिवसाचा हिशेब वेगळा करावा. पाऊणकी केवळ अंदाजासाठी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची छापील कोष्टके दरवर्षी निघतात, ती मिळवावीत आणि तेथील रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या मंडळींना प्रत्यक्ष भेटून विचारावे. वाळूवर शेवाळ आणि शिंपल्यांची जी रेघ दिसते तिच्यावर विसंबू नये, कारण पौर्णिमेकडे जाताना प्रत्येक दिवसाची भरती आदल्या दिवसाच्या रेघेच्या वर जाते. आम्ही त्या रेघेवरच विसंबलो होतो.

परवानग्यांचे अर्ज कन्नडमध्ये लिहून किमान महिनाभर आधी द्यावेत. पोलीस, नगरसभा, तात्पुरत्या वीजजोडणीसाठी हेस्कॉम ही वीज कंपनी आणि किनाऱ्यावर मांडव घालायचा असल्याने जिल्हाधिकारी कार्यालय, अशा चारही ठिकाणी पोच घ्यावी. संस्थांच्या फलकांवर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असावा असा कायदा कर्नाटक राज्यात २०२४ पासून आहे. फलक रंगवून झाल्यावर वाद घालण्यापेक्षा आधीच तसे रंगवून घ्यावेत, मराठी मजकूर उरलेल्या जागेत नीट बसतो. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. म्हणून पहिला प्रयोग सहाला सुरू झालाच पाहिजे, आणि अर्थातच त्या वेळी पाणी कुठे असेल हे कोष्टकात पाहिलेले असले पाहिजे.

रंगमंचाचे वासे वाळूत तग धरत नाहीत. त्यांच्या बुडाशी वाळूने भरलेली पोती लावावीत. मागचा पडदा अखंड ठेवू नये, समुद्रावरचा वारा त्याचे शीड करतो. त्याला उभ्या फटी पाडाव्यात. जनरेटर फळ्यांवर आणि रस्त्याच्या बाजूला ठेवावा, वायरी जमिनीवरून नेऊ नयेत. खाऱ्या ओलसर हवेत पखवाजाची आणि ढोलकीची पुडी सैल पडून सूर उतरतो, त्यामुळे वादकांना हातोडी घेऊन तासभर आधी बोलवावे आणि वाद्ये शेवटच्या क्षणापर्यंत खोलीतच ठेवावीत. पेट्या तर रंगमंचावर कधीही जमिनीवर ठेवू नयेत, उंच चौरंगावर ठेवाव्यात. भरतीची वेळ एका मोठ्या कागदावर लिहून रंगमंचामागे लावावी आणि पाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक माणूस केवळ त्याच कामाला नेमावा. आदल्या पौर्णिमेच्या रात्री स्थानिक मित्राला सांगून पाणी जिथवर पोचले तिथे खुंटी ठोकून घ्यावी आणि मांडव त्या खुंटीच्या पुष्कळ वर घालावा. हे काम कुणावरही सोडून निश्चिंत होऊ नये. खुंटी स्वतः पाहून यावी.

थंडीत या किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, त्यामुळे पाण्याकडे रोखलेले प्रखर दिवे नकोत.

प्रवासाला रामनगर, जोयडा आणि अणशी घाटाचा रस्ता धरल्यास वाद्यांचा टेम्पो दिवसाउजेडी घाट उतरेल असा निघावा. नदीपलीकडच्या सदाशिवगडकडून येणाऱ्या प्रेक्षकांना जास्तीचा वेळ धरून निघायला सांगावे. काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हापासून रहदारीचा भार दुसऱ्या पुलावर आला आहे.

परतताना मांडव, पोती, खिळे आणि प्लास्टिक त्याच रात्री उचलावे, सकाळपर्यंत ठेवू नये, पाणी येते. मांडववाल्याचे पैसे तिथेच चुकते करावेत. वाद्ये कोरड्या फडक्याने पुसून टेम्पोत सर्वांत शेवटी, वरच्या बाजूला ठेवावीत.