डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ग्रे शेडचं पात्र कसं खेळावं

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ. ग्रे शेडचं पात्र म्हणजे धड चांगलंही नाही, धड वाईटही नाही असं. ‘माझं कॅरेक्टर केऑटिक न्यूट्रल (नियम न जुमानणारं, ना चांगलं ना वाईट) आहे’ असं जाहीर करून जो खेळाडू टेबलावर बसतो, तो पहिल्या तासाभरात कुणाचा तरी खिसा कापतो. बहुतेक वेळा तो खिसा आपल्याच पार्टीतल्या, म्हणजे सोबत्यांच्या टोळीतल्या, क्लेरिकचा (देवाच्या शक्तीने बरं करणाऱ्या पुजाऱ्याचा) असतो. याला ग्रे शेड नाही, उच्छाद म्हणतात. ग्रे शेडसाठीचा एक लाडका सल्ला म्हणजे एकदा चांगलं वागा, एकदा वाईट वागा, म्हणजे आपोआप मधोमध राहाल. असं वागणारा माणूस गूढ वाटत नाही, नुसता लहरी वाटतो.

पुढचं सगळं पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे 2014 च्या पुस्तकातले नियम धरून आहे. वंश, क्लास (पात्राचा पेशा), आकडे हे तुमचं तुम्ही बघा. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, ‘असं पात्र चालेल का’ हे आधी विचारा. नाही म्हणाला तर वाद घालू नका, दुसरं पात्र बनवा.

कॅरेक्टर शीटवरचा (पात्राच्या माहितीच्या कागदावरचा) अलाइनमेंटचा, म्हणजे पात्राच्या नैतिक बाजूचा, रकाना सध्या कोरा ठेवा. 1974 च्या मूळ खेळात तीनच अलाइनमेंट होत्या, लॉ (सुव्यवस्था), न्यूट्रॅलिटी (मधली बाजू) आणि केऑस (अनागोंदी). तो स्वभावाइतकाच, तुम्ही कोणत्या गोटातले, याचा प्रश्न होता. नऊ चौकटींचा तक्ता (एका बाजूला लॉफुल, न्यूट्रल, केऑटिक; दुसऱ्या बाजूला गुड, न्यूट्रल, ईव्हिल) खेळाडूंच्या पुस्तकात 1978 मध्ये आला आणि त्याला दातही होते. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, लॉफुल गुडच हवा, मारेकरी ईव्हिलच हवा. चौथ्या आवृत्तीने 2008 मध्ये नऊच्या पाच केल्या, पाचवीने नऊ परत आणल्या, पण दात काढून. आता पॅलाडिनला शपथ बांधते, अलाइनमेंट नाही. ‘डिटेक्ट ईव्हिल अँड गुड’ हा मंत्र आसपासची भुतं-पिशाच्चं, देवदूत, परीलोकातले जीव असले प्रकार ओळखतो. समोरच्या माणसाच्या मनात काय शिजतंय ते त्याला कळत नाही. तेव्हा त्या रकान्यावर डोकं शिणवू नका.

त्याऐवजी दोन वाक्यं लिहा. हा माणूस कुणासाठी वाईट वागतो? आणि काय केलं तरी करणार नाही? उदाहरणार्थ डेवरिन, हाफ-एल्फ (अर्धा माणूस, अर्धा एल्फ), क्लास ‘रोग’, म्हणजे चोरपावलांनी काम करणारा. युद्धातून पळणाऱ्यांना रात्री सरहद्द पार करून देतो. दर खेपेला त्यातल्या एकाचं नाव पहारेकऱ्यांना विकतो, म्हणजे बाकीच्यांकडे ते काणाडोळा करतात. लहान मुलाचं नाव तो कधीच देत नाही. बस, एवढ्यात पात्र उभं राहिलं. त्याला चांगला म्हणायचं की वाईट, यावर टेबल भांडत बसेल, आणि आपल्याला तेच हवंय.

आता खरी अडचण, जिथे मीही बराच काळ अडखळलो. असल्या माणसाला पार्टीत ठेवायचं कशासाठी? खानावळीच्या कोपऱ्यात काळा झगा पांघरून बसलेला, कुणावर विश्वास नसलेला एकटा जीव कागदावर भारी दिसतो. खेळात मात्र बाकीच्या चौघांना दर सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, त्याची मनधरणी करावी लागते. तुमच्या पात्राला सोबत यायचं कारण शोधणं हे डीएमचं काम नाही, तुमचं आहे. म्हणून पहिल्या सेशनआधी पार्टीतलं किमान एक पात्र असं ठरवा, ज्याला तुमचा माणूस कधीच दगा देणार नाही. हे त्या खेळाडूला विचारून ठरवा. डेवरिनच्या पुतणीला तापातून क्लेरिकने वाचवलं होतं, एवढी गाठ पुरते. त्याचं पाप पार्टीच्या बाहेर घडतं, त्याची निष्ठा पार्टीच्या आत राहते.

मग गुपित. ‘कुणाला सांगू नका, नंतर धक्का द्या’ या सल्ल्याने चांगली टेबलं मोडलेली पाहिली आहेत. गुपित पात्रांपासून लपवा, खेळाडूंपासून नाही. डेवरिन नावं विकतो हे क्लेरिकच्या खेळाडूला ठाऊक असेल, तर तो स्वतःहून सरहद्दीवर हरवलेल्यांसाठी प्रार्थना मांडतो आणि डेवरिनला शेजारी बसवतो. असा प्रसंग एकट्याच्या डोक्यातून निघत नाही. ठाऊक नसेल, तर गुपित फुटतं त्या दिवशी पात्र दुखावत नाही, शेजारचा माणूस दुखावतो. खेळाडूंनाही अंधारात ठेवायचंच असेल, तर ‘या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत) दगाफटका होऊ शकतो’ याला सेशन झीरोमध्ये, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत, प्रत्येकाचा होकार हवा. एकाचाही नकार आला की विषय संपला.

आणि ‘काय करू, माझं पात्र असंच वागलं असतं’ हे वाक्य तोंडातून काढू नका. पात्र तुम्ही लिहिलंय. त्याच्या स्वभावात बसणाऱ्या दोन-तीन गोष्टी नेहमीच सापडतात. त्यातली इतरांची संध्याकाळ न नासवणारी निवडा.

खेळताना वाईट निर्णय घेण्याआधी घुटमळा, आणि ते घुटमळणं बोलून दाखवा. केलेल्याची किंमतही स्वतः मागून घ्या. डीएमला सांगा, ज्याचं नाव विकलं त्याची आई पुढच्या गावात भेटू दे. चार-पाच सेशन झाले की तो कोरा रकाना पेन्सिलीने भरा.

पार्टीतल्या पॅलाडिनला सगळं कळलं तर ‘पर्सुएशन’साठी (मन वळवण्याच्या कौशल्यासाठी) फासे टाकू नका. दुसऱ्या खेळाडूच्या पात्राचं मन फाशांनी वळवायचं नसतं. समोरासमोर बोला, त्याला काय ठरवायचं ते ठरवू द्या. त्याने हाकललंच, तर शीट डीएमच्या हातात द्या, तो त्या माणसाला पुढे कधीतरी वापरेल. तुम्ही त्याच लेव्हलचं नवं पात्र घेऊन पुढच्या सेशनला या.