ओव्हनशिवाय चॉकलेटचा खाऊ: सगळी कसोटी चॉकलेट वितळवण्यात आहे

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बडोद्यातल्या मराठी घरांमधून बोरनहाणांची रांग लागते आणि उत्तरायणाच्या दिवशी तर सारे शहर गच्चीवर असते. गेली बारा वर्षे या दिवसांत आमच्या घरी बोरे, उसाचे करवे, चुरमुरे आणि रेवड्या यांच्या बरोबरीने घरी केलेला चॉकलेटचा खाऊ लुटीत असतो. या खाऊला ओव्हन लागत नाही, पाक लागत नाही, आणि एक टप्पा सोडला तर कौशल्यही लागत नाही. तो एक टप्पा म्हणजे चॉकलेट वितळवणे. जिथे तिथे दिसणाऱ्या कृतींमध्ये नेमके तेच ‘चॉकलेट वितळवून घ्या’ एवढ्या तीन शब्दांत उरकलेले असते आणि सजावटीवर मात्र परिच्छेदच्या परिच्छेद खर्च केलेले असतात, याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या तीन शब्दांपायी नव्याने करणाऱ्याचे अर्धा किलो चॉकलेट वाया जाऊ शकते.

मी तीन प्रकार करते. शेंगदाण्याच्या झुबक्यांसाठी ४०० ग्रॅम चॉकलेटला ३०० ग्रॅम भाजलेले, सोललेले शेंगदाणे लागतात आणि त्यात ३५ ते ४० झुबके होतात. चुरमुऱ्यांच्या खाऊसाठी २५० ग्रॅम चॉकलेटला ६० ग्रॅम चुरमुरे पुरतात. बिस्किटांच्या वडीसाठी २५० ग्रॅम चॉकलेट, २०० ग्रॅम मारी बिस्किटे आणि तीन मोठे चमचे घरचे, नीट कढवलेले साजूक तूप घ्यावे. वडीत अनेकजण लोणी किंवा बटर घालतात. मी तूप घालते, कारण बटरमध्ये पाण्याचा अंश असतो आणि चांगल्या कढलेल्या तुपात तो जवळजवळ उरलेला नसतो. पाण्याचा हा मुद्दा पुढे सविस्तर येईलच. शेंगदाण्यांसाठी मी भरूचची खारी शिंग वापरते. मीठ आणि कडसर चॉकलेट यांची जोडी फार चांगली जमते, मात्र दाणे आधी कोरड्या फडक्यात चोळून वरचे सुटे मीठ झटकून टाकावे. बोरनहाण ज्यांचे असते ती मुले एक ते पाच वर्षांची असतात आणि अख्खा शेंगदाणा त्या वयात घशात अडकू शकतो, म्हणून लुटीत फक्त चुरमुऱ्यांचाच प्रकार ठेवावा आणि झुबके मोठ्यांच्या ताटात द्यावेत. या बाबतीत मी कोणाचाही आग्रह मानत नाही.

चॉकलेट विकत घेताना वेष्टनावरचे घटक वाचावेत. कोको बटर हाच एक स्निग्धांश असेल तर ते खरे चॉकलेट होय. हायड्रोजनेटेड वनस्पती तेल लिहिलेले असेल तर ते कंपाउंड. कंपाउंडला नावे ठेवण्याची पद्धत आहे, पण आपल्या हवेचा विचार केल्याशिवाय ती ठेवू नयेत. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते आणि बडोद्यात मे महिन्यातला पारा ४० च्या वर जातो. अशा दिवसांत खरे चॉकलेट हातात घेताघेताच ओघळते. कंपाउंड तुलनेने तग धरते आणि त्याला पुढे सांगितलेले तापमानाचे सोपस्कार लागत नाहीत. मी डिसेंबर आणि जानेवारीत खरे चॉकलेट वापरते, उरलेले वर्षभर कंपाउंड. शिल्लक राहिलेले दोन्ही तुकडे एकत्र वितळवण्याचा मोह मात्र कधीही होऊ देऊ नये. त्या दोन स्निग्धांशांचे एकमेकांशी जमत नाही, खाऊ मऊ राहतो आणि चार दिवसांत त्यावर राखाडी पट्टे उमटतात.

आता वितळवण्याकडे वळू.

चॉकलेटचा खरा शत्रू पाणी आहे. चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण स्निग्धांशात तरंगत असतात आणि पाणी जवळजवळ नसतेच. त्यात पाण्याचा थेंब पडला की साखरेचे कण ओले होतात, एकमेकांना चिकटतात आणि पातळ, रेशमासारखे दिसणारे चॉकलेट काही क्षणांत घट्ट, रवाळ गोळा होऊन बसते. साखरेच्या डब्यात ओला चमचा गेला की जसे खडे होतात, तोच हा प्रकार आहे. कपभर पाण्याने जे बिघडत नाही ते थेंबभर पाण्याने बिघडते, हे ऐकायला विपरीत वाटेल, पण ते अक्षरशः खरे आहे आणि बिघडलेले चॉकलेट वाचवण्याचा उपायही त्यातच आहे.

हे मला शिकवले ते आमच्या मुलाच्या बोरनहाणाने. सकाळी मी पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर चॉकलेटचे भांडे ठेवले होते आणि भातावर ठेवतो तशी त्यावर ताटली झाकली होती, लवकर वितळावे म्हणून. पाच मिनिटांनी ताटली उचलली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमलेले होते आणि ती तिरपी होताच त्यातले चार-पाच थेंब भांड्यात पडले. मी ढवळत राहिले. आधी चॉकलेटची चकाकी गेली, मग चमच्यामागे रेघ राहू लागली, मग चमचा तसाच उभा राहिला आणि भांड्याच्या कडेला ओलसर रव्यासारखे तांबूस कण दिसू लागले. नणंदेने सांगितले, “वहिनी, चमचाभर दूध घाल, सैल होईल.” घातले, आणि होते त्याहून घट्ट झाले. अर्धा किलो चॉकलेट होते ते, आणि दुपारी चार वाजता पाहुणे यायचे होते. त्या दिवशी लुटीत बाजारची चॉकलेटे घालावी लागली, आणि आपल्या हाताने मुलासाठी करायचे राहून गेले याची चुटपुट मला पुष्कळ दिवस होती.

म्हणून ‘घट्ट वाटले तर चमचाभर दूध किंवा पाणी घाला’ हा सल्ला जिथे दिसेल तिथे ती कृती सोडून द्यावी.

माझी पद्धत अशी आहे. चॉकलेट सुरीने हरभऱ्याच्या डाळीएवढे बारीक चिरावे. मोठे तुकडे राहिले की बाहेरचे करपण्याच्या बेतात येते आणि आतले तसेच राहते. पातेल्यात दोन बोटे पाणी उकळावे. वर ठेवायचे भांडे स्टीलचे किंवा जाड काचेचे, पूर्ण कोरडे आणि पातेल्याच्या तोंडापेक्षा रुंद असावे, म्हणजे वाफ कडेने वर येऊन आत पडणार नाही. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. आणि आता सर्वांत महत्त्वाचे: पाणी उकळले की गॅस बंद करावा आणि त्यानंतरच भांडे वर ठेवावे. खाली ज्योत चालू ठेवण्याची गरज मुळीच नसते. गरम पाण्याची ऊब ४०० ग्रॅम बारीक चिरलेल्या चॉकलेटला बहुधा पुरते. कमी पडलीच तर चॉकलेटचे भांडे बाजूला काढून पाणी पुन्हा तापवावे. झाकण कधीही ठेवू नये. लाकडी चमचा वापरू नये, कारण तो वरून कोरडा दिसला तरी आत ओल धरून असतो. स्टीलचा किंवा सिलिकॉनचा वापरावा. शेजारच्या शेगडीवर कुकर लावू नये. शिटीबरोबर उडणारी वाफ आणि बारीक तुषार कुठवर जातात हे ओट्याच्या फरशीवर हात फिरवून पाहावे, म्हणजे पटेल.

दोन मिनिटे काहीही न करता थांबावे आणि मग हलक्या हाताने ढवळावे. तीन चतुर्थांश वितळले की भांडे खाली घ्यावे. उरलेले आपल्याच उष्णतेने वितळते. भांडे उचलताक्षणी त्याचा तळ कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. ही गोष्ट मला कुठल्याही कृतीत लिहिलेली आढळलेली नाही, आणि ऐन वेळी चॉकलेट बिघडण्याचे ते मोठे कारण असते: तळाला जमलेले पाणी भांडे तिरपे करताना कडेवरून ओघळून थेट ओतल्या जाणाऱ्या चॉकलेटमध्ये मिसळते.

उष्णतेची मर्यादाही लक्षात ठेवावी. डार्क चॉकलेट ५० अंशांच्या पुढे आणि मिल्क किंवा पांढरे चॉकलेट ४५ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण दुधाचे घन पदार्थ लवकर गुठळतात. पाण्याने बिघडलेले चॉकलेट सावरता येते, करपलेले येत नाही. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या शक्तीवर एका वेळी ३० सेकंदच ठेवावे आणि दर वेळी बाहेर काढून ढवळावे. एकदम दोन मिनिटे लावून ओटा आवरायला जाणाऱ्याच्या वाट्याला मधोमध जळलेला गोळा येतो. चॉकलेट दाट वाटले तर दर १०० ग्रॅमला एक छोटा चमचा वास नसलेले रिफाइंड तेल घालावे. आपल्याकडे घरोघरी शिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचे तेल असते, पण घाण्याच्या तेलाचा वास चुरमुऱ्यांच्या खाऊत वर येतो, म्हणून ते नको.

एवढी काळजी घेऊनही पाणी गेलेच, तर घाबरू नये आणि थोडेथोडे दूधही घालत बसू नये. दर १०० ग्रॅम चॉकलेटला तीन ते चार मोठे चमचे चांगले गरम दूध घालून जोरात फेटावे. आता साखर विरघळायला पुरेसे पाणी मिळते आणि मिश्रण पुन्हा गुळगुळीत होते. त्याचे झुबके होणार नाहीत, ते कडक बसणार नाही. पण दोन मारी बिस्किटांच्या मध्ये लावायला किंवा आइस्क्रीमवर घालायला ते उत्तम असते. फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

कंपाउंड असेल तर वितळल्यावर लगेच पुढच्या कामाला लागावे. खरे चॉकलेट असेल तर आणखी एक पायरी चढावी लागते. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते आणि त्यातल्या एकाच प्रकाराने चकाकी व मोडताना येणारा कटकन आवाज मिळतो. तो प्रकार मिळवण्यासाठी ४०० ग्रॅमपैकी १३० ग्रॅम चिरलेले चॉकलेट बाजूला ठेवावे, बाकीचे ४५ ते ४८ अंशांपर्यंत (मिल्क चॉकलेट असेल तर ४५ च्या आतच) वितळवावे आणि खाली उतरवल्यावर बाजूला ठेवलेले चॉकलेट मूठमूठ घालत ढवळत राहावे. डार्क चॉकलेट ३१ ते ३२ अंशांवर आणि मिल्क चॉकलेट २९ ते ३० अंशांवर आले की ते तयार झाले. स्वयंपाकाचा तापमापक नसेल तर थेंबभर चॉकलेट खालच्या ओठाखाली लावून पाहावे. ते किंचित थंड लागले पाहिजे. मग सुरीचे टोक बुडवून बाजूला ठेवावे. पाच मिनिटांत ते चमकदार, कोरडे झाले तर पुढे जावे. पट्टे दिसले किंवा ओले राहिले तर आणखी ढवळावे. हे काम पंचविशीच्या आतल्या तापमानातच नीट होते, म्हणून जानेवारीत मी ते सकाळी सातच्या सुमारास, पंखा न लावता करते.

यापुढचे काम कोणीही करू शकेल. दाणे घालून कालवावेत आणि चमच्याने बटर पेपरवर झुबके सोडावेत. चुरमुरे आधी कढईत मंद आचेवर कोरडेच भाजून, चुरचुरीत करून पूर्ण गार करावेत आणि मग कालवावेत; गरम चुरमुरे घातले तर चॉकलेटचे तापमान बिघडते आणि सादळलेले घातले तर खाऊ चिवट होतो. वडीसाठी तूप चॉकलेटबरोबरच वितळवावे, बिस्किटांचे हाताने तुकडे करून मिसळावेत, बटर पेपर लावलेल्या डब्यात दाबून भरावे, दीड तास फ्रीजमध्ये ठेवावे आणि गरम पाण्यात बुडवून कोरड्या पुसलेल्या सुरीने कापावे. तुपामुळे ही वडी मऊ असते, तेव्हा ती फ्रीजमध्येच राहू द्यावी, आठवडाभर टिकते.

झुबके आणि चुरमुऱ्यांचा खाऊ कंपाउंडचा असेल तर पंधरा मिनिटे, खऱ्या चॉकलेटचा असेल तर दहाच मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात डबा फ्रीजमध्येच ठेवण्यावाचून इलाज नसतो. अशा वेळी बाहेर काढल्यावर अर्धा तास झाकण उघडू नये, नाहीतर थंड चॉकलेटवर हवेतले दव धरते, वरची साखर विरघळते आणि ते वाळल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो. शेंगदाण्याचे झुबके दोन-तीन आठवडे चांगले राहतात. चुरमुरे मात्र दुसऱ्या आठवड्यात मऊ पडू लागतात, म्हणून बोरनहाणाच्या फार तर दोन दिवस आधी करावेत आणि लुटीत घालण्यापूर्वी एकेक तुकडा कागदात गुंडाळावा, कारण चौरंगाभोवती बोरे आणि उसाचे करवे ओले असतात. उत्तरायणाला गच्चीवर न्यायचे असतील तर ते सकाळीच वाटून टाकावेत किंवा ऊन उतरेपर्यंत डबा जिन्याच्या सावलीत ठेवावा.