ठेचाला दमवू नका, कामाला लावा

आमच्या जॅक रसेल टेरियर जातीच्या कुत्र्याचं नाव ठेचा. वजन सहा किलो, उंची माझ्या गुडघ्याच्याही खाली, आणि कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर राज्य त्याचं. पहिल्या वर्षी मी चुकले. दमला की गप्प पडेल म्हणून रोज दोन्ही वेळा तासतासभर पळवला. दोन महिन्यांत त्याचा दम वाढला, माझा गेला. सोफ्याचा एक हात तेव्हाच कामी आला.

मग कळलं की याचा धंदाच वेगळा. इंग्लंडमधल्या डेव्हनचे शिकारवेडे पाद्री जॉन रसेल यांनी ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ च्या सुमारास, एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली (हो, हेच नाव!). तिच्यापासून ही जात पुढे वाढवली. कोल्हा बिळात दडला की आत घुसायचं, भुंकून त्याला बाहेर काढायचं. त्या अंधारात हुकूम द्यायला कोण असणार? निर्णय कुत्र्यानंच घ्यायचा. म्हणून तो आपलं ऐकत नाही असं वाटतं तेव्हा खरं तर आधी स्वतःचं ऐकत असतो.

तेव्हा नाकाला आणि पंजांना काम द्या. ठेचाचं सकाळचं खाणं मी वाडग्यात देतच नाही. जुन्या टॉवेलात गुंडाळून गाठ मारते. गॅलरीत एक टब अर्धा मातीनं भरलाय, त्यात गाजराचे तुकडे पुरते. वीस मिनिटं उकरतो आणि मग खरंच झोपतो. माती घरभर होते. ते धरूनच चाला. शिकवणं मात्र पाच-पाच मिनिटांचं, दिवसातून तीनदा. सहाव्या मिनिटाला तो तुम्हाला शिकवायला लागतो.

भुंकून मागितलेलं काहीही देऊ नका. दहा वेळा दुर्लक्ष करून अकराव्यांदा दिलंत, तर अकरा वेळा भुंकायचं एवढंच तो शिकतो. आमच्याकडे सासूबाई पोळीचा तुकडा टाकायच्या, "मुका जीव आहे गं." याला मुका म्हणणाऱ्या सबंध इमारतीत त्या एकट्याच! शेवटी ते खातंच त्यांच्याकडे सोपवलं: सतरंजीवर गप्प बसला तरच तुकडा. आता माझ्यापेक्षा त्याच कडक आहेत.

वेताळ टेकडीवर मोर असतात, त्यामुळे मोकळा सोडायचा प्रश्नच नाही. दहा मीटरची दोरी, तीही हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांना, गळ्यातल्या पट्ट्याला नाही. धावत सुटून हिसका बसला तर मानेला इजा होते. एकदा दोरी सुटली आणि हा एका बिळात कमरेपर्यंत. अर्धा तास मी शेपटीशी बोलत होते. हाकेला आला की रागावू मात्र नका, कितीही उशिरा येवो. नाहीतर पुढच्या वेळी येणारच नाही.

उंदीर दिसला की मारणारच, म्हणून लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी, पावसाळ्याआधी. सोसायटीत उंदरांचं औषध टाकणार असतील तर आधी सांगायला लावा. विष खाल्लेला उंदीर खाऊन कुत्राही जाऊ शकतो. आणि चालता चालता मागचा एक पाय उचलून तीन पायांवर टुणटुणायला लागला तर हसून सोडून देऊ नका. गुडघ्याची वाटी सरकलेली असू शकते. मी महिनाभर त्याला नखरा समजत होते.